हातरीवर वाळलेला बोर्ड

मी जुने मायक्रोप्रोसेसरचे बोर्ड गोळा करते असं सांगितलं की समोरचा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो उपयोगाचा. पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्याला हे कोणी विचारत नाही. किनाऱ्यावर शिंपले वेचणाऱ्या पर्यटकाला तर नाहीच नाही. पण साठीकडे झुकलेली बाई कसालच्या भंगारवाल्याकडे उकिडवी बसून वायरींच्या ढिगातून काहीतरी उपसताना दिसली, की येणाऱ्या-जाणाऱ्यांना तिची काळजी वाटायला लागते. सुरुवातीला मी सगळ्यांना नीट समजावून सांगत असे. आता, लोणचं घालायला नेते, असं सांगते आणि मोकळी होते.

नोकरीची सगळी वर्षं मी आमच्या जिल्ह्यातल्या एका तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा सहायक होते. मायक्रोप्रोसेसरची प्रयोगशाळा माझ्या ताब्यात. त्या काळी मुलं शिकायची ती ८०८५ नावाच्या प्रोसेसरच्या किटवर. किट म्हणजे एक लाकडी पेटी. झाकण उघडलं की आत मोठा हिरवा बोर्ड, त्यावर कॅल्क्युलेटरसारखी बटणं आणि लाल आकडे उमटणारी सहा घरं. ना पडदा, ना माउस. प्रोग्रॅमचा एकेक आकडा बटणं दाबून आत भरायचा आणि शेवटी ‘गो’ दाबायचं. चुकलं की पहिल्यापासून. मुलं वैतागायची, पण मला त्या पेटीचा कधी कंटाळा आला नाही, कारण तिच्यात लपवलेलं काही नसे. हा मेंदू, ही त्याची स्मृती, या मधल्या तारा, असं बोट ठेवून दाखवता येई. हल्लीचा फोन उघडला तर आत काय कशाला जोडलंय ते बनवणाऱ्यालासुद्धा बोटाने दाखवता येणार नाही.

पुढे अभ्यासक्रम बदलला, नवीन संगणक आले आणि ती किटं निकालात निघाली. लिलावाला आलेल्या भंगारवाल्याला पत्रा हवा होता, लाकडी पेट्या नको होत्या. त्या मी रीतसर परवानगी काढून घरी आणल्या. तिथून हे वेड सुरू झालं. बांद्याला एका टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे झेड-८०चा बोर्ड मिळाला. तो त्याने कित्येक वर्षं टेबलाचा डुगडुगणारा पाय टेकवायला वापरला होता. मुंबईची नोकरी सोडून गावी परतलेल्या एका गृहस्थांच्या माळ्यावर टीव्हीला जोडायचा घरगुती संगणक सापडला, त्याच्या कॅसेट रेकॉर्डरसकट. रेकॉर्डरमध्ये भजनाची कॅसेट होती. सोन्याचा मुलामा दिलेल्या पायांची पांढरी चिप तर मला एका शिवणकामाच्या डब्यात, बटणांच्या सोबतीला मिळाली.

आमचं घर मालवणपासून थोडं आत. इथे असला संग्रह करणं म्हणजे समुद्राशी रोजचं भांडण. खारा वारा तांब्याला हिरवा करतो, लोखंडाला लाल करतो आणि पावसाळ्यात तर कपाटातल्या बोर्डांवर पांढरी लव उगवते. कुंभारीण माशी कनेक्टरच्या भोकांत मातीचं घर बांधते. पाली आडोसा शोधत येतात. कपाटात मी चार महिने बल्ब पेटता ठेवते, पण वीज जाते तेव्हा तो बल्बही जातोच.

या सगळ्यात माझ्या नवऱ्याचं स्थान काय, हे सांगायला हवं. तो जहाजावर इंजिनरूममध्ये फिटर होता. निवृत्त होऊन घरी आला तो जहाजाच्या सगळ्या सवयी घेऊनच. खारं लागलेली वस्तू आधी गोड्या पाण्याने धुवायची, मग वाळवायची, मग तेल द्यायचं, या तीन गोष्टींवर त्याची श्रद्धा आहे. आमची सायकल, विळी, खिडक्यांच्या कड्या, अगदी देवघरातली घंटासुद्धा या क्रमातून जाते. माझ्या बोर्डांना मात्र त्याने कधी बोट लावलं नव्हतं. ‘ता तुजा खाता,’ असं म्हणून तो बाजूने जात असे.

गेल्या श्रावणात आरोंद्याहून सरांचा फोन आला. सर म्हणजे आमच्याच प्रयोगशाळेचे जुने अधिव्याख्याते. नोकरीत आम्ही एकमेकांशी शुद्ध मराठीत बोलायचो, कारण मुलांसमोर तशी रीत होती. फोनवर ते एकदम मालवणीत बोलायला लागले, तेव्हाच मला कळलं की काम घरचं आहे.

मी गेले. घर खाडीच्या काठावर, पडवीतून धक्क्याच्या पायऱ्या दिसतात. घरात सामान बांधायला सुरुवात झाली होती. मुलगा बेंगळुरूला, सरांची पत्नी जाऊन काही वर्षं झालेली, गुडघ्यांनी दगा दिलेला. दिवाळीआधी ते कायमचे मुलाकडे जाणार होते. त्यांनी ट्रंकेतून जुन्या लुंगीत गुंडाळलेला एक बोर्ड काढला. आमच्या प्रयोगशाळेतल्यासारखाच ८०८५चा, पण सरांनी तरुणपणी स्वतः जोडलेला. त्यावर काचेची खिडकी असलेल्या दोन चिपा होत्या आणि दोन्हींवर सरांच्या अक्षरातल्या कागदी पट्ट्या. एकीवर ‘मॉनिटर’, दुसरीवर ‘भरती’.

आमच्या किनाऱ्यावर जुन्या माणसांना भरतीची वेळ काढायला कोष्टक लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असली तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. पण हा हिशेब समुद्राच्या तोंडावरचा. खाडीत आत पाणी चढायला वेळ लागतो आणि तो वेळ प्रत्येक गावाचा आपापला असतो. सरांचे वडील त्या खाडीत जाळी टाकत. त्यांनी आपल्या धक्क्यापुरता, त्या वेळेत मिळवायचा एक आकडा बसवलेला होता, आणि तो मिनिटांत नाही, घटकांत. घटका म्हणजे चोवीस मिनिटं. नवीन नोकरी लागलेल्या सरांनी तो आकडा विचारून घेतला आणि प्रोग्रॅम लिहिला: तिथी टाका, धक्क्यावरच्या भरतीची वेळ बघा. वडिलांनी आधी, हे मला तोंडपाठ आहे, म्हणून उडवून लावलं. आणि मग महिनाभर रोज संध्याकाळी शेजाऱ्यांना बोलावून तेच दाखवलं.

वडील गेले. पुढे कधीतरी सर आणि त्यांचे थोरले भाऊ यांच्यात वाद सुरू झाला, बाबांचा आकडा काय होता? सर म्हणायचे एक घटका, भाऊ म्हणायचे दोन. प्रोग्रॅमचे कागद वाळवीने खाल्ले होते. बोर्डाचा वीजपुरवठा जळून गेला होता. पाण्याकडे बघून आकडा परत काढावा तर खाडीच बदललेली, गाळ साचला, पात्र अरुंद झालं, पाणी आता वेगळ्याच वेळी भरतं. भाऊही दोन वर्षांपूर्वी गेले, दोन घटका म्हणतच गेले. हे सांगताना सर हसत होते, पण बोर्ड माझ्या हातात देताना त्यांनी तो लगेच सोडला नाही.

“बाबांचो आकडो त्या चिपीत आसा,” ते म्हणाले. “दुसरीकडे खंयच नाय. जावच्या आदी एकदा बघूक गावलो तर बरा.”

मी हो म्हटलं. मला त्यात अवघड काही दिसलं नाही.

आता त्या चिपेविषयी. तिला ईप्रॉम म्हणतात. तिच्या वरच्या अंगाला इवलीशी काचेची खिडकी असते, ती उगीच नसते. त्या काचेतून अतिनील किरण आत गेले की आत लिहिलेलं सगळं पुसलं जातं आणि चिप पुन्हा कोरी होते. प्रयोगशाळेत आमच्याकडे त्यासाठी दिव्याची एक पेटी होती आणि चिपा पुसणं हे माझंच काम होतं. मुलं परीक्षेनंतर चिपा आणून द्यायची, मी त्या पेटीत ओळीने मांडून दिवा लावायची. म्हणून जी चिप ठेवायची तिच्या खिडकीवर कागदाची पट्टी चिकटवतात. उन्हातही अतिनील किरण असतात. तासा-दोन तासांत काही होत नाही, पण उघड्या काचेवर दिवसच्या दिवस कडक ऊन पडलं तर चिपेचा भरवसा नाही.

बोर्ड घरी आणला तेव्हा तो दमट होता. पाठीमागच्या डाखांवर, म्हणजे कथलाच्या जोडांवर, हिरवा कळंक चढला होता. ओल्या बोर्डाला वीज देणं म्हणजे त्याला मारणं. चिपा काढून वेगळ्या वाचाव्यात तर त्यांचे पाय गंजून खोबणीत बसलेले, ओढले तर तुटले असते. पाऊस ओसरेपर्यंत थांबणं एवढंच हातात होतं. नवरात्र संपता संपता कोल्हापूरला बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि मला जावं लागलं. निघताना मी कपाटाकडे बघून म्हटलं की ऊन पडायला लागलंय, हे बोर्ड सुकायला हवेत. म्हटलं ते मी स्वतःशी. पण आमच्या घरात एक माणूस असा आहे की सुकायला हवं हे शब्द त्याच्या कानावर पडले की तो उभाच राहतो.

आठवड्याने परत आले ती दुपारच्या गाडीने. भातकापणीचे दिवस, खळं नुकतंच सारवलेलं, बाजूला भाताचे भारे. नवऱ्याने चहा हातात दिला आणि तो आत गेला. मी पडवीच्या कठड्यावर टेकले, तर शेजारी करवंटी, आणि करवंटीत कागदाचे वाळलेले तुकडे. मुंग्यांसाठी काही ठेवलं असेल असं वाटलं. मग एका तुकड्यावरचं अक्षर दिसलं. सरांचं अक्षर. ‘भरती’.

मला वाटतं मी एकदम उठले, कारण चहा सांडलेला नंतर पुसावा लागला.

“ही पट्टी हय कशी?” मी विचारलं.

तो आतून कौतुकाने सांगत आला. सगळे बोर्ड त्याने रिठ्याच्या पाण्याने धुतले होते, मऊ ब्रशने, पैठणी धुवावी इतक्या हळुवार हाताने. मग विहिरीच्या गोड्या पाण्यातून काढले. पट्ट्या धुताना सुटल्या, त्या टाकल्या नाहीत, जपून वाळवल्या. आणि बोर्ड खळ्यात हातरीवर वाळत घातले, भात वाळवायची ती बांबूची चटई. मी गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून कालपर्यंत रोज सकाळी बाहेर, संध्याकाळी आत. आज खळं सारवलं म्हणून ते कपाटात होते.

“आठवडोभर कडक ऊन दिलंय,” तो म्हणाला. “एक दीस चुकूक नाय.”

पाण्याचं मला काही वाटलं नाही. वीज नसताना धुतलेला बोर्ड बिघडत नाही, उलट खार निघून जातो. पण पट्टी नसलेली काच आणि आश्विनातलं आमच्या खळ्यातलं ऊन, रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत. प्रयोगशाळेत पेटीचा दिवा लावून मी चिपा कोऱ्या करायची, तेच काम नवऱ्याने आठवडाभर राबून केलं होतं, आणि तेही अशा एकाच चिपेचं जिची दुसरी प्रत जगात कुठे नव्हती. मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही. सांगायचं ते एवढंच की शेजारच्या वाडीत कुत्री भुंकायला लागली.

तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, “तूच सांगान गेलंस मां, बोर्ड सुकवूक व्हये म्हणान.”

हे खरं असल्यामुळे मला आणखी राग आला. मी त्याला खिडकीचं, किरणांचं, सरांच्या वडिलांच्या आकड्याचं सगळं पुन्हा नीट सांगितलं, अगदी पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगावं तसं, दात आवळून. ते ऐकताना त्याचा चेहरा उतरत गेला. जहाजावर वादळ पाहिलेला माणूस, पण त्या दिवशी कठड्यावर बसला तो उठेना.

“आता सरांक काय सांगतलंस गो?” एवढंच त्याने विचारलं.

त्या रात्री आम्ही दोघं जेवलो ते एकमेकांकडे न बघता. भावाभावांचा वाद मिटवायला निघालेली मी, वाद कायमचा अनिर्णित ठेवून आरोंद्याला जाणार होते. फोन करावा की जाऊनच सांगावं, याचा विचार करत मी पडून राहिले. फोनवर सांगितलं तर सर, असू दे गो, म्हणतील आणि फोन ठेवतील, हे मला ठाऊक होतं. त्यांचं ते असू दे मला ऐकायचं नव्हतं.

सकाळी मी बोर्ड घेऊन पडवीत बसले. आशा होती म्हणून नव्हे. परत द्यायचा तर स्वच्छ करून द्यावा म्हणून. धुतलेला बोर्ड खरोखर सुंदर दिसत होता, नवऱ्याच्या हाताला यश आहे. पण चिपांच्या पायांमध्ये काहीतरी अडकलं होतं. मी भिंग घेऊन बघितलं तर भाताची कुसळं. बटणांच्या फटींत कोंडा. हातरी न झाडता त्यावर माझे बोर्ड ठेवले होते तर, म्हणून मी पुन्हा चिडले आणि चिमट्याने एकेक कुसळ उपसायला लागले. पाच-सहा काढल्यावर हात थांबला. बोर्ड हातरीवर नेहमीसारखा सरळ ठेवला असेल, तर कुसळं खालच्या बाजूला लागायला हवी होती. मी बोर्ड उलटा केला. खालची बाजू लख्ख होती. एकही कुसळ नाही.

नवरा विहिरीवर रहाटाला तेल देत होता. आदल्या संध्याकाळपासून तो घरातल्या फिरणाऱ्या प्रत्येक वस्तूला तेल देत सुटला होता. मी तिथे गेले आणि विचारलं, बोर्ड वाळत घातले तेव्हा चिपा वर होत्या की खाली?

तो माझ्याकडे संशयाने बघत म्हणाला, “खाली. हिरवो कळंक पाठीर होतो, म्हणान पाठ वर केलंय. ऊन कळंकाक लागूक व्हया मां?”

मी विहिरीच्या कठड्यावरच बसले. मला हसू आवरेना. सगळा आठवडा तो बोर्ड हातरीवर पालथा पडून होता. काचेच्या खिडक्या खाली, भाताच्या कोंड्यात तोंड खुपसून. कडक ऊन खाल्लं ते डाखांनी. मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याला आधी ते पटेना. मग पटलं, आणि मग तो लगेच पूर्वीसारखा झाला, म्हणजे मी उगीच केवढी ओरडले याची आठवण करून द्यायला लागला. मी ते मुकाट्याने ऐकून घेतलं. त्या सकाळी मी काहीही ऐकून घेतलं असतं.

तरी खात्री करायला हवी होती. पट्टी सुटल्यापासून बोर्ड पालथा घालीपर्यंत, रोज आत-बाहेर करताना, थोडा उजेड तरी गेलाच असेल. मी खिडक्यांवर काळी टेप लावली आणि तिच्यावर सरांच्या पट्ट्या पुन्हा चिकटवल्या. मग बोर्डासाठी दुसरा वीजपुरवठा काढला, तो आधी माझ्या एका जुन्या किटवर तपासून घेतला, आणि नवऱ्याला शेजारी उभं केलं. जळका वास आला की बटण बंद करायचं, हे त्याचं काम. इंजिनरूममध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाच्या नाकावर माझा भरवसा आहे.

बटण दाबलं. लाल घरं पेटली. एका घराची एक रेघ मेलेली होती, बाकी सगळं उमटलं. म्हणजे ‘मॉनिटर’, बोर्ड चालवणारा मूळ प्रोग्रॅम, शाबूत. मग मी दुसऱ्या चिपेचा पत्ता टाकला. कोरी ईप्रॉम वाचली की स्मृतीच्या प्रत्येक घरात एफ एफ दिसतं, पुसलेल्या चिपेची ती खूण. प्रयोगशाळेत ते एफ एफ बघून मी चिप पास करायची. आता मी ते दिसू नये म्हणून श्वास रोखून होते. पहिल्या घरात ३ई. पुढच्यात दुसरं काही. त्याच्या पुढच्यात आणखी वेगळं. मी पुढे पुढे दाबत गेले, आकडे येत गेले. नवरा म्हणाला, वास काय येणा नाय. मी म्हटलं, येणार नाही आता.

भरतीचा प्रोग्रॅम कुठल्या पत्त्यापासून सुरू करायचा ते शोधून काढणं मला जमलं असतं. मी ते केलं नाही. तो आकडा आधी माझ्या पडवीत उमटावा असं मला वाटलं नाही.

आम्ही आरोंद्याला गेलो ती कोजागिरीनंतरची चतुर्थी होती. वेंगुर्ला, शिरोडा करत किनाऱ्याकिनाऱ्याने. बोर्ड मी मांडीवर घेतला होता, कारण नवऱ्याच्या गाडीच्या स्प्रिंगांवर माझा विश्वास नाही. सरांच्या घरात आता फक्त एक टेबल, तीन खुर्च्या आणि गाठोडी उरली होती. “इलंस गो बाय?” म्हणत ते पडवीत आले, आणि टेबल आम्ही तिथेच, खाडीकडे तोंड करून लावलं. उन्हाची सगळी गोष्ट मी त्यांना सांगून टाकली. नवरा तोवर खाडीतली होडी निरखत उभा होता. सर खूप हसले, आणि मग थोडे गंभीर होऊन म्हणाले की भाताचं तूस लागलेला बोर्ड बाबांना आवडला असता.

मी वीज जोडली. सरांनी चष्मा बदलला, बोटं पुढे केली, आणि मला वाटलं होतं की आता ते पत्ता आठवत बसतील. बसले नाहीत. बोटांनी पत्ता दाबून टाकला, डोळे नंतर तिकडे गेले. तिथी मागणारी रिकामी घरं उमटली. सरांनी शून्य चार दाबलं. मग ‘गो’.

०३ ३६.

तीन वाजून छत्तीस. चतुर्थीची पाऊणपट तीन. वरची छत्तीस मिनिटं बाबांची.

सरांनी मनात भागाकार केला. चोवीस आणि बारा. ओठ हलताना दिसले.

“दीड,” ते म्हणाले. “दीड घटका. आमी दोगव चुकलंव.”

आणि ते रडले. लपवलं नाही, खिशातला रुमाल काढून नीट रडले. मग डोळे पुसून म्हणाले की भाऊ असता तर म्हणाला असता, माझ्या बाजूने अर्धी घटका जास्त आहे. हिशेबाने तेही खरं नव्हतं. दोघंही अर्ध्या घटकेनेच चुकले होते. पण तेव्हा ते कोणी दुरुस्त केलं नाही. त्यांनी पुन्हा पंचमी टाकली, अष्टमी टाकली, पौर्णिमा टाकली. प्रत्येक वेळी मनात हिशेब केला आणि प्रत्येक वेळी दीडच निघाली. माझ्या मनातली शेवटची भीती, एखादा आकडा उन्हाने खाल्ला असेल ही, तिथे संपली. मला इतकं हलकं वाटलं की मी नवऱ्याच्या पाठीवर एक धपका मारला. तो, काय झालं, म्हणून दचकला.

बोर्ड बेंगळुरूला नेणार का, असं मी विचारलं. सर नको म्हणाले. तिथे भरती नाही, तुझ्याकडेच ठेव, आणि अधूनमधून चालव. मी हो म्हटलं. नवऱ्याने, धुवायचा झाला तर मला सांग, असं म्हटलं आणि मी त्याच्याकडे बघितलं.

तीन वाजून गेले होते. सर काठी घेऊन धक्क्यावर निघाले, आम्हीही गेलो. वरच्या पायरीवर ते बसले, मी आणि नवरा एक पायरी खाली. पाणी चढत होतं, मातकट, त्याच्याबरोबर नारळाची एक झावळी सरकत येत होती. नवऱ्याच्या घड्याळाकडे सरांचं लक्ष होतं. काटा छत्तीसवर आला तेव्हा त्यांनी खाडीकडे बघितलं, पण पाण्याकडे नाही, त्याच्या थोडं वर, जिथे पूर्वी कधीतरी होडी लागत असेल तिथे.

“बाबांचा पाणी भरला,” ते म्हणाले.

आमच्या खालच्या दोन पायऱ्या अजून कोरड्या होत्या आणि पाणी चढतच होतं. आम्ही तिघं तिथेच बसून राहिलो, आजचं पाणी अजून यायचं होतं.